हात न्हाई लावला, फक्त हळद लावली

मेलेल्या मेंढीच्या मानेवरच्या जखमेतून फिरवलेला कापूस लालसर निघायला हवा, फार तर मळकट. माझा निघाला पिवळा. तोही असा लख्ख, की लग्नघरातून आणल्यासारखा. सेनगावच्या बाजूच्या त्या गायरानात भर उन्हात उकिडवी बसून मी कपाळावर हात मारून घेतला.

शेजारी मेंढरांची मालकीण उभी होती. पन्नाशीची, उंच, काष्ट्याचं लुगडं, कमरेला खोचलेली एक कापडी पिशवी. मी तिला मावशी म्हणायचे. तिचं आणि तिच्या नवऱ्याचं बिऱ्हाड त्या गायरानात दर हिवाळ्यात असायचं. पाल, मेंढरांना कोंडायला जाळीचं कुंपण, आणि चार कुत्री.

"मावशी, सकाळी फोनवर काय सांगितलं होतं मी? मी येईपर्यंत मेंढीला हात लावू नका म्हणाले होते ना?"

"हात न्हाई लावला," ती शांतपणे म्हणाली. "फक्त हळद लावली."

"मेलेल्या मेंढीला?"

"मेली म्हून काय झालं? उघडी जखम घिऊन धाडू का तिला तशीच?"

मी ती कापसाची काडी नळीत घातली, झाकण लावलं, आणि ती फुकट जाणार हे माहीत असूनही वर तारीख टाकली.

माझं काम सांगायला सोपं आहे, समजावून द्यायला अवघड. लांडग्यांची विष्ठा, काट्याला अडकलेले केस, त्यांनी धरलेल्या जनावराच्या जखमेतली लाळ, असं सगळं गोळा करायचं, वाळवायचं आणि शहरातल्या प्रयोगशाळेकडे पाठवायचं. तिथे त्यातून डीएनए काढतात. मग कळतं की जनावर लांडगा होतं की कुत्रा, नर की मादी, इथल्याच कुटुंबातलं की बाहेरून आलेलं. लांडगा समोर येऊन उभा राहत नाही, त्यामुळे किती उरलेत आणि त्यांचं आपसात नातं काय, हे कळायला हाच एक धड मार्ग आहे. हे मी लोकांना कितीही प्रेमाने सांगितलं तरी गावात माझी ओळख एकच, "लांडग्याचं हागलेलं येचनारी". माझी आई पाहुण्यांना सांगते की पोरगी वनखात्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. मी ते कधी खोडलं नाही.

त्या हिवाळ्यात त्याच गायरानात, ओढ्याच्या काठच्या मुरमात एका लांडगिणीनं बीळ केलं होतं. ती एकटीच होती. अख्ख्या हंगामात मला आसपास दुसऱ्या लांडग्याचा ठसा दिसला नाही, रडणं ऐकू आलं नाही. पूर्वी इकडे टोळ्या असायच्या असं सगळे सांगतात. आता माळ नांगरला गेला, सोयाबीन आलं, आणि उरलेल्या गायरानाच्या तुकड्यात ही बाई एकटी. तरी तिला पिल्लं झाली होती. मला वाटलं, कुठून तरी एखादा नर येऊन गेला असेल, माझ्या नजरेतून सुटला असेल. मी हरखून गेले होते.

आणि नेमकी तेव्हाच मेंढरं मरायला लागली. आठवड्याला एखादं कोकरू, कधी मोठी मेंढी. गावानं ठरवून टाकलं की हे लांडगिणीचंच काम. बिळाच्या तोंडाशी तुराट्या आणि सुक्या मिरच्या पेटवायच्या, धूर आत ढकलायचा. आई पळते, पिल्लं आत गुदमरतात. त्यांच्या बापजाद्यांनी हेच केलेलं, त्यात कुणाला काही वाईट वाटत नव्हतं. कायदा आहे वगैरे मी सांगितलं, तर लोकांनी माना डोलावल्या, आणि तुराट्यांच्या पेंढ्या ओढ्याकडे नेऊन टाकल्या.

माझा संशय वेगळा होता. रस्त्यावरच्या ढाब्यांमागे मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या झाल्यात. वारंगा फाट्याला अशाच एका टोळीनं भर दिवसा वासरू फाडलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. कुत्र्यांनी मारायचं आणि नाव लांडग्याचं, हे सगळीकडे चालतं. म्हणून मी गावातल्या एका म्हाताऱ्याकडे गेले. त्याचा शब्द गाव ऐकायचं. मी जवळजवळ हात जोडले. म्हटलं, जखमेतल्या लाळेवरून कळतं, मला थोडा वेळ द्या.

"होळीपस्तोर थांबू," तो म्हणाला. "तुमची मशीन कुत्री म्हनली, तर बिळाला कोनी हात लावनार न्हाई. लांडगा म्हनली, तर मंग आमाला आडवं यायचं न्हाई. बराबर?"

"बराबर," मी म्हटलं. कुत्रीच निघणार याची मला खात्री होती.

पहिला पिवळा नमुना गेला आणि काही दिवसांनी सरांचा फोन आला. सर म्हणजे प्रयोगशाळेतले माझे वरिष्ठ. माणूस सज्जन, पण त्यांच्या खोलीत एसी आहे आणि तो त्यांच्या आवाजातही असतो.

"तुमच्या नमुन्यात हळद आहे," ते म्हणाले. "हळदीतला रंग आमच्या प्रक्रियेला आडवा येतो. डीएनए असेलही, पण मशीनला दिसणार नाही. नमुन्यांचा दर्जा सुधारावा लागेल."

"सर, मी सगळ्यांना बजावून सांगितलंय. इथले लोक ऐकतच नाहीत."

"लोकांना विश्वासात घ्या."

फोन ठेवला तेव्हा मी आमच्या घरच्या खळ्यात उभी होते. जवळा बाजारजवळ आमचं शेत आहे. दर शनिवारी मी सेनगावच्या भाड्याच्या खोलीतून घरी यायचे, कारण हे दिवस हळद शिजवायचे. समोर मोठ्या कढईतून वाफ निघत होती, बापाचे हात कोपरापर्यंत पिवळे, आईच्या साडीचा काठ पिवळा, अंगणात पसरलेली हळकुंडं पिवळी. याच पिकावर मी शिकले, डीएनए म्हणजे काय ते वाचलं, आणि आता जिल्ह्यातल्या एका टोकाच्या गायरानात हेच पीक माझ्या उरावर बसलं होतं. हसावं की रडावं कळेना. मी आईवरच ओरडले, की अंगणात जरा चालायला तरी जागा ठेवा.

दुसऱ्या वेळी कोकरू मेलं तेव्हा मी आधीच, फोनवरच, स्पष्ट शब्दांत सांगितलं, हात लावू नका आणि हळदही लावू नका. मी पोचले तेव्हा जखम स्वच्छ होती. मला भरून आलं. मी गुडघे टेकून काडी काढली, आणि मग वास आला.

"मावशी, हे काय लावलंय?"

"हळद न्हाई लावली," मावशीचा नवरा मध्ये पडला. "तुमी नको म्हनल्या ना. म्हून नुसतं घासलेट लावलं."

मी उठून पार ओढ्यापर्यंत चालत गेले आणि परत आले. माणसानं एवढं चालल्यावर राग जातो म्हणतात. माझा गेला नाही.

मग मी मावशीला पालासमोर बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. लाळ म्हणजे काय, त्यात काय असतं, आणि हळद पडली की काय होतं. तिने चहा ठेवला होता. ती मन लावून ऐकत होती, मध्येच मेंढरांना हाका मारत होती.

"म्हंजी हळद टाकली की तुज्या मशीनला दिसतच न्हाई?"

"काही म्हणजे काही दिसत नाही."

"कुनाचं काय हाय ते समजत न्हाई?"

"नाही ना, मावशी! म्हणून तर बोंबलतेय मी."

ती खो खो हसली. "येवढी मोठी मशीन, आन हळदीला भेली!" मग निघताना, नेहमीसारखं, कमरेच्या त्याच पिशवीतून चिमूट काढून तिने माझ्या कपाळाला हळद-कुंकू लावलं. सवाष्ण बाईला असं मोकळ्या कपाळानं जाऊ देत नाहीत म्हणे. माझं लग्न झालेलं नाही, हे तिला सांगून मी थकले होते.

कुत्र्यांचं एक सांगायला हवं. लाळ कुत्र्याची की लांडग्याची हे ओळखायचं, तर इथली कुत्री कशी आहेत हे आधी माहीत हवं. म्हणून मी आसपासच्या झाडून सगळ्या कुत्र्यांच्या गालातून काडी फिरवली होती. ढाब्यांमागच्यांच्या आणि बिऱ्हाडातल्यांच्याही. ढाब्यांमागच्या कुत्र्यांनी माझी ओढणी फाडली. मावशीच्या कुत्र्यांत एक मोठा, मातकट रंगाचा, एक कान तुटलेला गडी होता. त्याने तोंड उघडून दिलं आणि काडीसुद्धा चाटून घेतली. त्याच्यावर मावशीच्या नवऱ्याचा भारी दात होता.

"माजलाय साला," तो म्हणायचा. "रातच्याला मेंढरू उचलून नेलं तरी भुकत न्हाई. बाकीची तिघं बोंबलतेत, ह्यो नुसता शेपूट हालवत बसतो." आणि हाताशी येईल ते त्याच्या अंगावर फेकायचा. कुत्रा उठून थोडा लांब जाऊन बसायचा. ओढ्याकडे तोंड करून.

हे मी बघितलं होतं. बघून सोडून दिलं. माझ्या डोक्यात ढाब्यामागची टोळी पक्की बसली होती.

तिसऱ्यांदा मेंढी मेली नाही. तेच अवघड झालं. मी त्या दिवशी घरी होते, सकाळीच मावशीचा फोन. तिची सगळ्यात जुनी मेंढी धरली होती, पण कुत्र्यांच्या कालव्याने सोडून दिली. मानेला दात लागलेत, जीव आहे.

"काय करू? भरू का हळद?"

होळी जवळ आली होती. हातात एकही चांगला नमुना नव्हता.

"मी येतेय," मी म्हटलं. "थांबता का तेवढं?"

"ये बिगीनं."

बिगीनं येणं माझ्या हातात असतं तर! औंढ्याची एसटी उशिरा आली. हिंगोलीला सेनगावची जीप भरेपर्यंत हलेना. ड्रायव्हर टपावर बसून मावा चोळत होता. मी म्हटलं, जनावर मरतंय तिकडे. तो म्हणाला, "मॅडम, दो सवारी और आने दो." मी दोन जागांचं भाडं देते म्हटलं, तर पठ्ठ्या म्हणाला, घेतो, पण तरी अजून दोन हवेतच. सेनगावला उतरून स्कूटी काढली तर चाकात हवा नाही. मी गायरानात पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं.

मावशी मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. एका हाताने माश्या वारत होती. दुसऱ्या हाताच्या मुठीत हळद धरलेली, आणि घामाने तिची मूठ भिजून मनगटापर्यंत पिवळे ओघळ आले होते. जखमेला तिने एक कण लावला नव्हता. मी घाईने दोन काड्या फिरवल्या. कापूस लाल निघाला. मी नळीला झाकण लावायच्या आत तिने मूठ जखमेत उघडली.

ती मेंढी दोन दिवसांनी गेली. जखम सडली होती. हळद लगेच भरली असती तर वाचली असती का, मला माहीत नाही. मावशी तसं एकदाही म्हणाली नाही, आणि मला त्याचाच जास्त राग आला. ती भांडली असती तर मला निदान भांडता आलं असतं.

त्याच फेरीत मी बिळाबाहेरून पिल्लांची विष्ठाही उचलली. पिल्लं आता उन्हाला बाहेर येऊन खेळायची, आई दूर गेली की बिळाच्या आसपास बरंच काही सापडायचं. हे नमुने घ्यायची तशी घाई नव्हती, पण मला त्या न दिसलेल्या नराचा पत्ता हवा होता. सगळं एकाच खोक्यात घालून पाठवलं.

होळीला थोडे दिवस असताना सरांचा फोन आला. आवाजात एसी नव्हता. माणूस चक्क आनंदात होता.

"फारच मजेशीर आहे हे!" ते म्हणाले. "आधी जखमेचं ऐका. लाळ लांडग्याची. मादी. तुमची बिळातलीच."

म्हणजे गाव म्हणत होतं तेच. ढाब्यामागची टोळी माझ्या डोक्यातच होती.

"पुढे ऐका ना. पिल्लं. आई तीच, पण बाप लांडगा नाही. बाप कुत्रा आहे. आणि गंमत म्हणजे तो कुत्रा तुम्ही पाठवलेल्या नमुन्यांतलाच एक आहे." त्यांनी नमुन्याचं वर्णन वाचून दाखवलं. मोठा, मातकट रंग, एक कान तुटलेला.

भुंकत नव्हता तो. शेपूट हालवत होता. ओढ्याकडे तोंड करून बसत होता. एवढं सगळं माझ्या डोळ्यांसमोर मांडून ठेवलेलं, आणि मी जीप, एसटी, कुरिअर, मशीन करत बसले. तिला तिच्या जातीचा कुणी मिळालाच नाही, म्हणून ती मेंढवाड्याच्या राखणदाराकडे आली. एकटी पडलेली जात अशीच संपते. गोळी लागत नाही, धूर लागत नाही, नुसती पातळ होत जाते. हे मी पुस्तकात वाचलं होतं. आपल्या तालुक्यात बघावं लागेल असं वाटलं नव्हतं.

शब्द दिला होता, त्यामुळे मी गावाला सांगायला गेले. पारावर पंधरा-वीस माणसं होती. एका कडेला मावशी आणि तिचा नवराही येऊन बसले होते. मी सांगून टाकलं, मेंढरं लांडगिणीनंच मारली. लगेच कुजबुज सुरू झाली, एक जण तर उठलाच, तुराट्यांकडे जायला. म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, "मंग ठरल्यापरमानं."

"पुढचंही ऐका," मी म्हटलं, आणि पिल्लांच्या बापाचं सांगितलं.

मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि सगळा पार हसायला लागला. मावशीच्या नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. सगळे त्याच्या पाठीत थापा मारून त्याला व्याही व्याही म्हणू लागले. मावशी मात्र हसली नाही. ती उठून उभी राहिली.

"म्हंजी आमच्या कुत्र्याची लेकरं हायत ती?"

"हो, मावशी. निम्मी."

"निम्मी न् पुरी काय आसतं लेकरात?" तिने पदर खोचला. "आता कोन धूर करतंय, बघतेच मी."

"तिनं तुमची मेंढी मारली, मावशी," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. तिला आठवण करून द्यायची काही गरज नव्हती.

"मारली. सुनेनं भांडं फोडलं म्हून नातवंडं टाकून देतं का कोनी?"

म्हाताऱ्याने दाढी खाजवली. मग म्हणाला, मेंढरं जिची गेली तीच असं म्हणत असेल तर गावाला काय पडलंय. दुसऱ्या दिवशी तुराट्या ओढ्याकडून उचलून होळीच्या ढिगात टाकल्या. बीळ वाचलं. महिनाभर ज्यासाठी मी रक्त आटवलं ते झालं होतं. मला त्या रात्री छान झोप लागायला हवी होती.

सकाळी सरांचा फोन. "आता पिल्लं तिथून हलवावी लागतील."

मी विचारलं, का? खरं तर मला ठाऊक होतं. ते सांगत गेले आणि मी ऐकत गेले. लांडगे आधीच मूठभर. ही संकरित पिल्लं मोठी होणार, उरल्यासुरल्या लांडग्यांशी जुळणार, कुत्र्याचं रक्त पुढे पसरणार. एक दिवस लांडगा दिसायला राहील, आतून राहणार नाही. म्हणून पिल्लं पकडायची, पिंजऱ्यात जन्मभर सांभाळायची, आई तेवढी माळावर ठेवायची. परवानगीचं बोलणं सुरू झालंय. फक्त एकदाच्या नमुन्यांवर कुणी पिंजरा पाठवत नाही, म्हणून दुसऱ्यांदा ताजे नमुने घेऊन खात्री करून द्यायची. ते काम माझं.

आणि मला त्यांचं पटत होतं. खरी चीड ही होती. ते काही मूर्खासारखं बोलले असते तर मी भांडले असते. पण माणूस बरोबर बोलत होता, आणि मी ज्या लांडगिणीसाठी गावाच्या पाया पडले, तिची पिल्लं उचलायची यादीच जणू मी स्वतः खोक्यात भरून पाठवली होती. गावाला मशीन काय सांगेल याची भीती मला होती. मशीन माझ्याच लोकांना काय सांगेल, याचा विचार मी केलाच नव्हता.

हे मावशीपासून लपवणं मला जमलं नाही. मी गेले आणि सांगितलं. ती मेंढीच्या खुरातला काटा काढत होती.

"धूर करू नका म्हून तूच हात जोडले व्हते ना?"

"हो."

"आन आता तूच पिंजरा आनून राहिली? काहून?"

"मावशी, समजून घ्या. ती धड लांडगे नाहीत, धड कुत्रीही नाहीत. अशीच वाढत गेली तर पुढे लांडगाच उरणार नाही."

"उरलाय कुठं आता? येक बाई उरलीय. तिला घर करायचं व्हतं, तिनं केलं."

"तसं नाही ना ते..."

"मंग कसं हाय?"

मी सांगायला लागले आणि मध्येच थांबले. माझ्याकडे उत्तर होतं, चांगलं भरभक्कम उत्तर होतं, फक्त ते त्या पालासमोर उभं राहून पुरं करता येत नव्हतं. मी चिडून म्हटलं, "तुम्हाला नाही कळायचं." असं मी तिला कधी म्हटलं नव्हतं. तिने काटा काढला, मेंढीला सोडलं, आणि आत निघून गेली. त्या दिवशी माझ्या कपाळाला काही लावलं नाही.

होळी झाल्यावर मी नमुने घ्यायला बिळाकडे गेले. लांबूनच काहीतरी वेगळं दिसलं. जवळ गेले तर बिळाचं तोंड पिवळं. आजूबाजूचा मुरूम पिवळा. पिल्लांनी जिथे जिथे घाण केली होती ती एकूणएक जागा पिवळी, वरून भरभरून टाकलेली, नुसती लख्ख. विष्ठेचा डीएनए तिच्या बाहेरच्या थरात असतो. तो थर खरवडून घ्यायचा असतो. इथे बाहेरचा थर म्हणजे निव्वळ हळद होती.

मावशी थोड्या अंतरावर दगडावर बसली होती. शेजारी तुटक्या कानाचा. तिच्या मांडीवर ती कमरेची छोटी पिशवी नव्हती, चांगली पाच किलोची गोणी होती.

"हे काय केलंत तुम्ही?" मी ओरडलेच.

"हात न्हाई लावला," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत हसू होतं, पण गोणी तिने घट्ट धरली होती. "तूच म्हनली व्हतीस. हळद टाकली की दिसत न्हाई. कुनाचं काय हाय समजत न्हाई."

मी हातमोजे चढवले, नळ्या काढल्या, आणि शोधायला लागले. कुठेतरी काहीतरी सुटलंच असणार. आणि सुटलं होतं. ओढ्याच्या अंगाला, गवताच्या बुडख्याशी, आज सकाळचीच, अजून ओलसर, स्वच्छ. पिवळ्याचा एक ठिपका नाही. एवढी एक पुरेशी होती. मी खाली बसले. पाठीमागे मावशी उठल्याचं ऐकू आलं. ती जवळ आली, तिलाही ते दिसलं. नुसती गोणी हातात धरून उभी राहिली.

तिचं चुकतंय, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. त्या माळावर लांडगा लांडगा म्हणून राहायला हवा. मला तिचा राग आला होता, सरांचा आला होता, आणि त्या कुत्र्याचाही, जो जीभ बाहेर काढून माझ्याकडे ओळखीनं बघत होता. आधी जोडीदार उरू द्यायचा नाही, आणि मग तिने जो मिळाला तो केला म्हणून तिची पिल्लं उचलायची. हा कुठला न्याय? हे कुणाला विचारायचं, तेही कळत नव्हतं.

मी हातमोजे काढून खिशात कोंबले आणि मावशीच्या गोणीत हात घातला.

नंतर सगळं नेहमीसारखंच केलं. नमुना नळीत घातला, वर तारीख टाकली, कुरिअरला दिला. काही दिवसांनी सरांचा फोन आला. आवाजात एसी परत आला होता.

"परत हळद? सगळ्यांत हळद?"

"हो सर," मी म्हटलं. "काय करू? इथले लोक ऐकतच नाहीत."